गाडी मोडते, बैल तडकतो, फुगे फुटतात: घरची खेळणी करताना या चुका टाळा

घरी केलेलं खेळणं तासाभरात मोडलं की आईबाप म्हणतात, "यापेक्षा बाजारातून आणलं असतं तर बरं." मला हे पटत नाही. खानदेशात शेताच्या बांधापासून स्वयंपाकघरापर्यंत खेळण्याचं सामान पडलेलं असतं आणि ते मुळीच कच्चं नसतं. बिघडतं ते चुकीचं सामान चुकीच्या वेळी वापरल्यामुळे. शिवाय घरच्या खेळण्याची खरी कसोटी ते किती दिवस टिकलं ही नाही. मोडल्यावर पोराला ते स्वतःच्या हाताने पुन्हा जोडता आलं पाहिजे. खालच्या चुका मी याच नजरेने निवडल्या आहेत.

धांड्याची गाडी

ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी आपल्याकडे आजोबाही करायचे. ती खिळखिळी होण्याचं पहिलं कारण म्हणजे ओला धांडा. हिरवट धांडा कापायला सोपा जातो, म्हणून तोच घेतला जातो. दोन दिवसांत तो सुकून आकसतो आणि सगळे सांधे सैल पडतात. कडब्याच्या पेंढीतला पूर्ण सुकलेला, पण दाबल्यावर भुगा न होणारा धांडा घ्या. काळी बुरशी दिसली तर तो टाकून द्या.

साल काढण्याचं काम मोठ्यांनीच करावं. सालीची कड ब्लेडसारखी बोट कापते. मात्र सोललेली साल फेकू नका. तिच्या बारीक काड्या हेच या गाडीचे खिळे. आतल्या मऊ गाभ्यात काडी खुपसली की सांधा तयार. टाचणी किंवा बाभळीचा काटा वापरायची सवय जुनी आहे, पण लहान पोर गाडीवर बसकण मारतं तेव्हा तो काटा कुठे जाईल याचा विचार करा.

चाकं फिरत नाहीत ही दुसरी तक्रार. चाकही आसावर घट्ट आणि आसही गाडीत घट्ट, अशी रचना असली की गाडी नुसती घासत जाते. दोन्हींपैकी एक सैल हवं. सोपा उपाय म्हणजे संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा कापून गाडीखाली बांधायचा आणि त्यातून तार किंवा बारीक काडी ओवायची. चाकं काडीवर घट्ट बसवा, काडी रिफिलमध्ये मोकळी फिरू द्या. गाभ्याच्या चकत्यांची चाकं लवकर झिजतात. जुन्या स्लिपरच्या रबराची चाकं पुष्कळ टिकतात. बाटलीचं झाकण ठेवून गोल आखून घ्या आणि भोक अगदी मधोमध पाडा. भोक थोडं जरी सरकलं तरी गाडी लंगडते.

मातीचा बैल का तडकतो

पोळ्याला मुलांसोबत काळ्या मातीचे बैल करायचे तर आधी ही माती समजून घ्यायला हवी. कपाशीच्या आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. ते पाण्याने फुगतं आणि सुकताना आकसतं. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात, त्याच बैलाच्या पोटाला पडतात. म्हणून निव्वळ काळी माती वापरू नका. तीन वाटी मातीला साधारण एक वाटी बारीक रेती आणि मूठभर बारीक भुसा घाला, चांगलं मळा आणि ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवा. सकाळी तीच माती जास्त चिवट लागते.

पाय मजबूत व्हावेत म्हणून आत काडी घालणं ही सर्रास होणारी चूक. माती आकसते, काडी आकसत नाही, मग माती काडीभोवती फुटते. काडी नकोच, पाय आखूड आणि जाड ठेवा. शिंगं, वशिंड, शेपूट नुसती दाबून चिकटवली तर सुकल्यावर गळून पडतात. दोन्ही बाजूंना टोकदार काडीने ओरखडे काढा, पातळ चिखल लावा आणि मग जोडा. पोट भरीव असेल तर खालून उकरून पोकळ करा.

पोळा श्रावण अमावास्येला येतो, म्हणजे हवा दमट. आदल्या दिवशी केलेला बैल आत ओलाच राहतो. लवकर सुकावा म्हणून चुलीजवळ ठेवला तर बाहेरून सुकतो आणि तडकतो. चार-पाच दिवस आधी करा आणि सावलीत सुकवा.

रंगाला गेरू आणि हळद पुरे. कोठीत उरलेला दाराचा ऑइलपेंट मुळीच नको. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत असावं हा नियम भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे, पण तुमच्या कोठीतला डबा त्याआधीचा असू शकतो. आणि पोरं बैलाची शिंगं चाटतातच.

साबणाचे फुगे आणि बांधावरची झाडं

फुगे येत नाहीत तेव्हा आपण आणखी साबण ओततो. दोष बहुतेक वेळा पाण्यात असतो. बोअरच्या जड पाण्यात फेस धड होत नाही. पावसाचं किंवा आरओ फिल्टरचं पाणी घ्या. भांडी घासायच्या लिक्विडचा एक भाग, पाण्याचे सहा भाग आणि थोडी साखर, असं हलक्या हाताने ढवळून तासभर ठेवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फुग्याचं पाणी उडून जातं आणि तो हवेत जाण्याआधीच फुटतो. म्हणून फुग्यांचा खेळ सकाळी लवकर खेळा.

बांधावरच्या मोगली एरंडाचा चीक काडीच्या वेटोळ्यात धरून फुंकला की सुंदर फुगा येतो. कित्येकांनी लहानपणी तो खेळ खेळलाय. तरीही आज तो मुलांना शिकवू नका. चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो. मुलं त्या झाडाकडे वळली की बियाही तोंडात टाकतात आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, लाल-काळी गुंज, साधी एरंडी, धोतऱ्याचं बोंड ही सगळी विषारी आहेत. गुंजेची बी अख्खी गिळली तर कधीकधी तशीच बाहेर पडते, पण भोक पाडलेली किंवा चावलेली बी जीवघेणी ठरू शकते. म्हणून गुंजांची माळ किंवा गुंजा भरलेला खुळखुळा नकोच. बी खाल्ल्याची शंका आली तर घरी मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. उरलेली बी सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

यात मी कुणाचीच भीड ठेवत नाही: फवारणीचं औषध ज्यात होतं तो डबा, बाटली किंवा झाकण कितीही धुतलं तरी खेळण्यासाठी वापरायचं नाही. बाटलीची मोटार करायची तर पाण्याची किंवा तेलाची बाटली घ्या. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर हंगामभर फवारे बसलेले असतात, त्याही लहान मुलांच्या खेळात नकोत.

तीन वर्षांच्या आतलं पोर घरात असेल तर

खुळखुळ्यात डाळ-हरभरे भरतो, झाकण डिंकाने चिकटवतो आणि निर्धास्त होतो. झाकण निघतं. हरभरा घशात अडकतो. नाकात गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो आणि काढायला आणखी अवघड होतो. साधारण सव्वातीन सेंटीमीटर रुंद नळीत जी वस्तू जाते, ती या वयाला देऊ नका. त्यात गोटी, बटण, चिंचोके आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे सगळे आले. रिमोट किंवा गाणाऱ्या खेळण्यातला चपटा गोल सेल तर हाताशीही ठेवू नका. गिळला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो.

पाण्याचे खेळ उन्हाळ्यात मुलांना फार आवडतात, आणि वाटीने पाणी ओतणं, गाळणीतून पाडणं याच्याइतका चांगला खेळ क्वचितच असेल. पण आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे अंगणात भरलेले पिंप आणि हौद असतात. लहान मूल वाकून डोकं खाली गेलं तर थोड्या पाण्यातही बुडतं, आणि आवाजही होत नाही. खेळाची परात वेगळी, पिंपावर झाकण, आणि खेळ संपेपर्यंत मोठं माणूस जागेवर. दोन मिनिटं भाकरी टाकायला जाणंही चालत नाही.

मोठ्यांची मध्येमध्ये

बाप मोबाइलवर व्हिडिओ लावतो, ग्लू गन गरम करतो, तासभर मान खाली घालून विमान बनवतो. पोरगा शेजारी बसून विचारतो, "पप्पा, मी धरू का?" उत्तर येतं, "थांब, बिघडवशील." असं विमान मोडलं की पोराला ते जोडता येत नाही, कारण जोडणं त्याने कधी पाहिलेलंच नसतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला चाक ओवू द्या, गाठ मारू द्या. गाठ वाकडी बसली तरी सोडून पुन्हा मारू नका. चिंध्यांचा चेंडू सैल झाला तर तोच सुतळी आवळेल, फक्त टोक धरायला तुम्ही बसा.

"हाई काय शे?" (हे काय आहे?) असं आजीने विचारलं आणि नातवाने "ट्रॅक्टर" म्हटलं, तर तो ट्रॅक्टरच. "याला स्टिअरिंग कुठंय?" हे विचारू नका. आणि एका दिवशी एकच खेळणं. पाच केली की एकही खेळलं जात नाही.

अखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका

मागच्या वर्षीचा दोर तसाच काढून बांधू नका. शेतात उन्हात पडलेला नायलॉनचा दोर बाहेरून धड दिसतो, पण वाकवल्यावर पांढरट भुगा सुटत असेल तर तो गेला. फांदी कडुलिंबाची किंवा चिंचेची, जिवंत आणि मांडीएवढी जाड हवी. शेवग्याची फांदी अचानक तुटते. आधी मोठ्या माणसाने बसून जोराचे झोके घ्यावेत आणि मग मुलांना बसवावं. झोक्यावर बसताना गळ्यातली ओढणी आणि लांब दोरा काढून ठेवा, आणि खाली फरशी किंवा दगड असेल तर रेतीचा जाड थर पसरा.