नागपुरातून राष्ट्रीय रॅली हंगामाला निघताना

मोटार रॅलीच्या हंगामाचे वेळापत्रक हाती आले की प्रत्येक फेरीच्या, म्हणजे हंगामातल्या एकेका रॅलीच्या, तारखेशेजारी, आपली गाडी नेणारा ट्रक नागपुरातून कोणत्या दिवशी सुटला पाहिजे ती तारीख लाल शाईने लिहावी. आपल्यासाठी खरी मुदत तीच असते. देशाचा मध्य मानला जाणारा झिरो माइलचा दगड आपल्या शहरात असला तरी राष्ट्रीय रॅलीचा नकाशा मुख्यतः दक्षिणेकडे झुकलेला आहे. चेन्नई आणि बंगळुरू येथून हजार किलोमीटरच्या पलीकडे, कोइम्बतूर त्याहून पुढे आणि चिकमगळूरचे कॉफीचे मळे आडवाटेला आहेत. महाराष्ट्रात नाशिकला फेरी असली तर समृद्धी महामार्गामुळे तो प्रवास आता एका दिवसाचा झाला आहे. इटानगरची फेरी यादीत असेल तर तिचा हिशेब वेगळा मांडावा, कारण ट्रकला जाण्यासाठीच कित्येक दिवस लागतात आणि चालकापासून मेकॅनिकपर्यंत बाहेरच्या प्रत्येक माणसाला अरुणाचल प्रदेशात शिरण्यासाठी इनर लाइन परमिट काढावे लागते. वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये ट्रक ठरवताना भाड्याआधी फाळक्याची उंची आणि रॅम्पचा उतार विचारावा. रॅलीच्या गाडीखाली सम्प गार्ड, म्हणजे इंजिनाचे पोट जपणारा जाड पत्रा, असतो आणि तो उभ्या रॅम्पवर घासतो.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, म्हणून ते आधी संपवावे. चालक आणि नेव्हिगेटर (शेजारी बसून वाट सांगणारा) या दोघांनाही एफएमएससीआयचा, म्हणजे देशातील मोटरस्पोर्टच्या संघटनेचा, स्पर्धा परवाना लागतो आणि त्याचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. त्यासाठीची वैद्यकीय तपासणी ऐन वेळेवर ढकलू नये. स्टेज म्हणजे वेळ लावून धावण्याचा, इतरांसाठी बंद केलेला रस्ता. दोन स्टेजमधला रस्ता, म्हणजे ट्रान्सपोर्ट सेक्शन, सर्वांसाठी खुला असल्यामुळे तिथे आपली गाडी कायद्याच्या दृष्टीने इतर कोणत्याही गाडीसारखीच असते. म्हणून आरसी, विमा, पीयूसी आणि दोघांचे वाहन परवाने गाडीतच ठेवावेत, आणि त्यांच्या प्रतींची दुसरी फाइल सर्व्हिस व्हॅनमध्ये असावी. प्रायोजकांकडे जाण्याचे कामही याच काळात उरकावे. नागपुरात हा खेळ अजून समजावून सांगावा लागतो. रॅली चालक गौरव गिल यांना २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि मोटरस्पोर्टमधील खेळाडूला तो प्रथमच मिळाला, एवढे सांगितले की निदान समोरचा माणूस चहा मागवतो.

सुरक्षा साहित्याच्या बाबतीत वस्तू आहे की नाही एवढे पाहून भागत नाही, तिच्यावरील तारीख वाचावी लागते. हार्नेसच्या, म्हणजे सीटला बांधून ठेवणाऱ्या, पट्ट्यांवर शिवलेल्या लहानशा लेबलवर तो कोणत्या वर्षापर्यंत वैध आहे ते छापलेले असते. एका हंगामाच्या पहिल्याच फेरीत आमच्या गाडीचे पट्टे दिसायला कोरे करकरीत होते, पण लेबलवरचे वर्ष आदल्या डिसेंबरात संपलेले निघाले, आणि ती संध्याकाळ दुसऱ्या संघाच्या दारात उधारीचे पट्टे मागण्यात गेली. तेव्हापासून हेल्मेट, मान जपणारे एफएचआर, अग्निरोधक सूट, हेल्मेटखाली डोके झाकणारा बालाक्लावा, हातमोजे आणि अग्निशामक या सर्वांवरील तारखा मी एका पानावर उतरवून ते पान गॅरेजच्या भिंतीवर लावतो. पट्टे कापण्याची दोन कटर लावल्यावर दोघांनी पट्टे पूर्ण आवळून, डोळे मिटून त्यांच्यापर्यंत हात पोहोचतो का ते पाहावे. पोहोचत नसेल तर जागा बदलावी. अपघातानंतर मागून येणाऱ्या गाड्यांना दाखवायचा, लाल एसओएस आणि हिरवा ओके असलेला फलक सीटमागे कोंबू नये. गाडी बंद पडली तर परावर्तक त्रिकोण किमान ५० मीटर आधी ठेवावा लागतो, म्हणून तोही सहज निघेल असाच बांधावा.

गाडीच्या बाबतीत इंजिनाची चर्चा सगळेच करतात. माझ्या मते पैसे आणि वेळ गाडीच्या पोटाखाली खर्च करावा. सम्प गार्डचे बोल्ट, सस्पेन्शनचे बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ड्राइव्ह शाफ्ट, ब्रेकच्या नळ्यांवरील आवरण आणि मडफ्लॅप यांपैकी प्रत्येक गोष्ट हाताने हलवून पाहावी. हिंगणा एमआयडीसीत पत्रा वाकवणारे आणि वेल्डिंग करणारे चांगले कारागीर मिळतात. सम्प गार्डची जोडपट्टी तिथेच दोन नग जास्त करून घ्यावी, कारण मळ्यातल्या सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे फेरीत गाडी दुरुस्त करण्याच्या जागेत, रात्री ती कोणी करून देणार नाही. आपल्याकडची कापसाची काळी माती सरावाला फसवी आहे: वाळली की भेगाळते आणि भिजली की चाकाला चिकटून बसते. चिकमगळूरचे रस्ते अरुंद, सावलीतले आणि ओलसर असतात, तर कोइम्बतूरजवळ केतनूरच्या पवनचक्क्यांमधून जाणारे रस्ते वेगवान आहेत. म्हणून चाचणीसाठी शेताऐवजी मुरमाची खासगी जागा शोधावी, मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि रुग्णवाहिका उभी ठेवावी. सार्वजनिक रस्त्यावर वेगाचा सराव अजिबात करू नये.

पेस नोट्सचा, म्हणजे नेव्हिगेटरने वाचून दाखवायच्या वळणांच्या टिपणांचा, सराव मात्र सार्वजनिक रस्त्यावर, सामान्य वेगाने करता येतो. रामटेकच्या गडावर चढणारा रस्ता त्यासाठी उत्तम आहे. पहाटे वर जाताना नोट्स लिहाव्यात, खाली येऊन पुन्हा चढताना त्या वाचाव्यात आणि वळणाला दिलेला आकडा चुकला की तिथेच खोडावा. १ ते ६ आकड्यांची पद्धत वापरत असाल तर कोणता आकडा सर्वांत घट्ट वळणाचा हे दोघांनी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, म्हणजे चालक बदलला तरी घोळ होत नाही. आमच्या वहीत ‘लेफ्ट थ्री, पुढे दगड, कापू नको’ अशी सरमिसळ असते आणि तिची लाज बाळगण्याचे कारण नाही; कानाला जे पटकन समजते तेच लिहावे. रेकीच्या, म्हणजे स्पर्धेआधी स्टेज पाहून घेण्याच्या, वेळी वळणांबरोबर स्टेजला येऊन मिळणाऱ्या पाऊलवाटाही टिपाव्यात. २०१९ मध्ये राजस्थानातील फेरीत बंद केलेल्या स्टेजवर दुचाकी आली आणि तिघांचा जीव गेला. रस्ता बंद आहे म्हणजे तो रिकामाच असेल, असे धरून चालू नये.

घड्याळाचे नियम नेव्हिगेटरला झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजेत. टाइम कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवण्याच्या नाक्यावर, उशिरा पोहोचलो तर दर मिनिटाला १० सेकंदांचा दंड होतो, पण लवकर नोंद केली तर दर मिनिटाला पूर्ण १ मिनिट जाते. म्हणजे घाई उशिरापेक्षा सहापट महाग पडते. ठरलेल्या मिनिटाच्या आधीच्या मिनिटात गाडी कंट्रोलच्या हद्दीत नेता येते, मात्र वेळ नोंदवायचे कार्ड ठरलेल्या मिनिटातच द्यायचे असते. याची रंगीत तालीम गॅरेजच्या दारात खुर्ची मांडून, कोणाला तरी नाक्यावरचा मार्शल करून, हसू आले तरी करावी.

नागपूरचा मे महिना उकाड्याच्या सरावासाठी उपयोगी आहे. पारा ४५ अंशांवर असताना सूट आणि हेल्मेट घालून बंद गाडीत वीस मिनिटे नोट्स वाचून पाहाव्यात, बाहेर कोणी लक्ष ठेवायला असावे आणि पाणी व ओआरएस हाताशी असावे. डोके गरगरले तर लगेच थांबावे. टायर आणि हेल्मेट मात्र पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नयेत. आणि फेरीच्या आदल्या रात्री सावजी जेवण कोणालाही देऊ नये, विशेषतः मेकॅनिकना.

ट्रक भरताना शेवटी गाडी चढते. टाकीत अगदी थोडे पेट्रोल ठेवावे, बॅटरीचे टर्मिनल काढावे, आणि गाडी ट्रकला बांधण्याचे पट्टे बॉडीऐवजी चाकांवरून बांधावेत. गाडीचे वजन बसत गेले की पट्टे सैल पडतात, म्हणून ट्रकबरोबर एका माणसाने बसावे आणि बुटीबोरी ओलांडल्यावर पहिल्या ढाब्यावर उतरून चारही पट्टे पुन्हा आवळावेत.