हिरा घेताना आधी पैलू बघा

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, हिऱ्यांच्या काउंटरवर बावीस वर्षं बसलो. गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच, "किती सेंटचा आहे?" शंभर सेंटचा एक कॅरेट, म्हणजे ०.२ ग्रॅम. हे नुसतं वजन झालं. (सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा, तो वेगळा.)

गेल्या महिन्यात पुतणीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला तिच्याबरोबर गेलो. समोर दोन गोल खडे आले, एक ५२ सेंटचा, एक ४७चा. "काका, मोठाच घेऊया की," ती म्हणाली. मी दोन्ही मापायला लावले. व्यास दोघांचाही पाचच मिलिमीटर! ५२च्या खड्याचं जास्तीचं वजन सगळं पोटात होतं. बोटात घातल्यावर ते दिसणार नाही, पैसे मात्र त्याचेच मोजायचे.

मग ट्रे दाराशी, सावलीत नेला. दुकानातल्या दिव्यांखाली कुठलाही खडा चमकतो, म्हणून ही पायरी कधी चुकवू नका. तिथं ५२चा खडा मधोमध काळवंडला. तळ फार खोल असला की वरून आलेला उजेड वर परतत नाही, बाजूनं निसटतो. तळ उथळ असला तरी तेच, खडा पाणचट दिसतो. ४७चा मात्र हलवला की कडेपर्यंत जिवंत. गोल हिऱ्याच्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर खोली व्यासाच्या साठ-बासष्ट टक्क्यांच्या आसपास आणि कटपुढे (म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यापुढे) 'एक्सलंट' असेल, तर तो खडा हातात घ्यायच्या लायकीचा. माझ्या बायकोच्या अंगठीला मी वजन बघून खडा घेतला होता. तो आजही मंद दिसतो, आणि त्याची मला खंत आहे.

रंगाची प्रत डीपासून झेडपर्यंत, डी बिनरंगी आणि पुढे पिवळी झाक वाढत जाते. पांढरा कागद दुमडून खडा त्यात पालथा ठेवा आणि बाजूनं बघा, पिवळी झाक लगेच कळते. पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर आय, जे चालतो. प्लॅटिनममध्ये जी-एचच्या खाली जाऊ नका.

आतले डाग दहापट भिंगातून तपासतात. व्हीएस प्रतीचे डाग साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, मग त्याच्या वरच्या व्हीव्हीएस प्रतीसाठी जास्त पैसे कशाला? त्याखालच्या एसआय प्रतीतही स्वच्छ दिसणारा खडा मिळतो, पण निवडावा लागतो. मी फक्त कडेपर्यंत आलेल्या चिरेला घाबरतो, कारण तिथून टवका उडू शकतो. ती चीर कोंदणात झाकली जाते, म्हणून खडा सुटा असतानाच बघायचा.

लॅबमध्ये वाढवलेला हिरा हाही हिराच, खाणीतल्यापेक्षा बराच स्वस्त. तो हौसेनं घ्यावा, पण विकायला गेल्यावर फारसं हाती येत नाही. काउंटरवर हिरा तपासायच्या उष्णतेच्या पेननं तो ओळखू येत नाही, हिऱ्यासारखा दिसणारा मोयसनाइट खडाही त्या पेनला फसवतो. आणि हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

म्हणून प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागाच. पुष्कळ खड्यांच्या कडेवर रिपोर्टचा नंबर लेझरनं कोरलेला असतो. पुतणीनं भिंग डोळ्याला लावून ४७च्या खड्याचा एकेक आकडा मोठ्यानं वाचला, मी रिपोर्टवर बोट फिरवत गेलो. अंगठी तयार झाल्यावर तिनं तोच नंबर पुन्हा वाचला, मगच उरलेले पैसे दिले.