जुन्या फ्लॅटमधली लपवलेली गळती: भरपाईचा मार्ग

ताज्या रंगाखालची ओल पहिल्या पावसात वर आली, तर भिंतीला लगेच हात लावू नका. आधी पुरावा, मग प्लास्टर. तारखेसह फोटो काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या. दोष खरेदीखताच्या आधीचा आहे, हे त्यात स्पष्ट यायलाच हवे. नाहीतर दावा तिथेच लंगडा पडतो.

विक्रेत्याला ते ठाऊक होते, हे सिद्ध करणे सर्वांत अवघड. इथे सोसायटीचे दफ्तर कामी येते: त्याने पूर्वी दिलेला गळतीचा तक्रार अर्ज, सभेचे इतिवृत्त, वॉटरप्रूफिंगचे बिल. असा एक कागद दहा साक्षीदारांना भारी पडतो.

आधार मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 चा. विक्रेत्याला माहीत असलेला, पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न कळणारा मोठा दोष सांगणे बंधनकारक आहे. लपवणे म्हणजे कपट. उघड दिसणारी भेग यात बसत नाही. खरेदीखतात ‘आहे त्या स्थितीत’ असे कलम आहे का, तेही वकिलाला दाखवा, कारण उलट करार असेल तर हे बंधन सैल होते.

मग दुरुस्तीच्या अंदाजपत्रकासह वकिलाची नोटीस पाठवा, पोचपावती जपा. दाद दिली नाही तर दिवाणी दावा. कपट उघड झाल्यापासून साधारण 3 वर्षांची मुदत धरा.

घर थेट बिल्डरकडून घेतले असेल तर वाट सोपी: रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, कलम 14(3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांत कळवलेला बांधकामदोष त्याने 30 दिवसांत, विनामूल्य दुरुस्त करायचा.