साठीनंतर बंदूक बदलायचीय? आधी अंगठा बघा

लश्कर भागात आमच्या घरी आजोबांपासूनची बाराबोर दुनाळी बंदूक आहे, बाबांकडून माझ्या नावावर आली, आणि आता मी ६७ चा, निवडणुकीत ठाण्यात जमा करायला नेतानाच खांदा बोलायला लागतो.

सगळे म्हणतात हलकी घ्या. अर्धंच ऐका. काडतूस तेच आणि बंदूक हलकी, म्हणजे धक्का जास्त. कानपूरचा निर्भीक रिव्हॉल्व्हर ५०० ग्रॅमच्या आसपास, खिशाला बरा, पण .३२ च्या काडतुसाचा झटका आमटीची वाटी धरताना दुखणाऱ्या मनगटाला झेपेल का ते बघा. निडर त्याहून हलका, सुमारे २५० ग्रॅम, पण तो .२२ चा, काडतूसच लहान म्हणून त्रास कमी.

दुकानात गेलात की बंदूक रिकामी आहे हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, नळी भिंतीकडे, आणि मग हात चालवून बघा. दुनाळी उघडायला वरची पट्टी अंगठ्याने सरकवायची असते ना, माझं तिथेच अडलं, अंगठ्याच्या बुडाशी सूज, पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबली आणि दुकानदार बिचारा छताकडे बघत बसला. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढवत नसेल तर डाव्या मुठीत स्लाइड घट्ट धरून उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकला, जोर खांद्यातून येतो. रिव्हॉल्व्हरमध्ये मागचा घोडा अंगठ्याने मागे ओढून चढवला की ट्रिगर हलका होतो, पण चढवायला परत तोच अंगठा!

दुनाळी सोडवत नसेल तर दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडाला, रबरी पॅड लावा आणि कमी भाराचं काडतूस मागा. पॅडने दस्ता लांब होतो, खांदा आखडलेल्याला तो उलट छोटा लागतो, तेवढं लाकूड आधी कमी करून घ्या.

डोळ्यांचं म्हणाल तर बायफोकलमधून माशी, म्हणजे नळीच्या टोकाचा नेमाचा दाणा, धूसरच दिसते. हात लांब करून डोळ्यापासून माशीपर्यंत टेपने मोजा आणि तो आकडा चष्मेवाल्याला द्या, त्या अंतराचा वेगळा चष्मा बनतो. कानाला मफ लावाच. झोपेची किंवा चक्कर आणणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी बंदुकीचं कुलूप उघडायचंच नाही.

आणि नियम असाय की ७० वर्षं झाली किंवा बंदूक २५ वर्षं जवळ असली, तर हयातीतच वारसाच्या नावे करता येते, अर्थात त्याला स्वतःचं लायसन्स मिळालं तर. माझा मुलगा नको म्हणतो. मुलगी म्हणते, बाबा मी घेते, पण दस्ता माझ्या मापाचा कापा.