सीएचा स्टडी पार्टनर शोधताय? या चुका टाळा

सीए फायनलच्या पहिल्या अटेम्प्टला मी पार्टनर म्हणून घेतली ती कॉलेजपासूनची माझी जिवलग मैत्रीण, आणि तिथेच गणित चुकलं. ती वाईट नाही हो, अभ्यासूही आहे, पण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून चहाला म्हणून खाली उतरलो की आर्टिकलशिप (सीएकडची ट्रेनिंग), घरचं, कुणाचं लग्न ठरलं असं करत तास कसा जायचा कळायचं नाही, आणि "चल आता वर" म्हणायचा धीर दोघींनाही व्हायचा नाही. जिला उशिरा आल्याबद्दल तुम्ही टोकू शकत नाही तिच्याबरोबर अभ्यासाचं जुळवू नका. मैत्रीण आहे तशीच राहू दे, पार्टनर दुसरी बघा.

दुसरी चूक फारच कॉमन आहे. "तुझंपण फायनल ना, मग बसू की एकत्र" म्हणतात आणि अटेम्प्ट कुठला, म्हणजे परीक्षा कुठल्या महिन्याची, हे कुणी विचारतच नाही. मे 2024 च्या जीएसटी पेपरला 31 ऑक्टोबर 2023 पर्यंतचेच बदल लागू होते, मग पुढच्या अटेम्प्टवालीच्या नोट्स आणि तुमच्या नोट्स जुळणार कशा? त्याच मे 2024 ला नवीन स्कीम आली आणि फायनलचे आठाचे सहा पेपर झाले, त्यामुळे सीनियरची जुनी फाईल घेऊन बसलेली पार्टनरही फार कामाची नाही. ग्रुप विचारा (फायनलचे पेपर तीन-तीनच्या दोन ग्रुपमध्ये असतात), एक्झम्प्शन, म्हणजे एखाद्या पेपरमधून सूट आहे का, ते पण विचारा. जिला एफआरला (फायनान्शियल रिपोर्टिंग) 60 किंवा जास्त पडून एक्झम्प्शन मिळालंय ती एफआर उघडणारच नाही, आणि तुम्ही नेमक्या त्याच विषयात एकट्या पडणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेजारी शेजारी बसून वाचणं म्हणजे पार्टनरशिप नाही. वाचायला तुम्ही एकट्याही पुरेशा आहात, पार्टनर लागते ती तुमचं लिहिलेलं तपासायला. माझंच सांगते. ऑडिटमध्ये एसए 570 हे स्टँडर्ड, गोइंग कन्सर्न, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का. केस अशी की मटेरियल अनसर्टन्टी, म्हणजे त्याबद्दल मोठी शंका आहे आणि कंपनीने ती नोट्समध्ये नीट डिस्क्लोज केलीये. मी दरवेळी ठोकून लिहायचे, क्वालिफाईड ओपिनियन, म्हणजे एक मुद्दा सोडून बाकी हिशोब बरोबर. दुसऱ्या अटेम्प्टच्या पार्टनरने लाल पेनने गोल केला आणि बाजूला लिहिलं, "डिस्क्लोजर पुरेसं आहे ना, मग क्वालिफाईड का?" बरोबर होतं तिचं. ओपिनियन अनमॉडिफाईडच (म्हणजे स्वच्छ) राहतं, फक्त रिपोर्टमध्ये त्याचा वेगळा सेक्शन येतो, आणि डिस्क्लोजर अपुरं असेल तरच क्वालिफाईड किंवा त्याहून कडक अ‍ॅडव्हर्स. तीन महिने तेच मॉड्यूल वाचत होते पण हे मला एकटीला दिसलंच नव्हतं, कारण वाचताना सगळं कळल्यासारखंच वाटतं. त्यानंतर आम्ही दर रविवारी आरटीपी नाहीतर एमटीपी (सरावाचे पेपर) मधले प्रश्न टायमर लावून सोडवायचो, वह्या बदलायचो आणि आयसीएआयच्या (सीएची परीक्षा घेणारी संस्था) सजेस्टेड आन्सरला लावून मार्क द्यायचो. एकमेकींना दया दाखवायची नाही एवढंच ठरलेलं.

अशी पार्टनर मिळते कुठे? चाळीस जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच, तिथे पीडीएफ येतात नाहीतर "कितना हुआ" येतं. टेस्ट सिरीजला सलग तीन पेपर वेळेत देणारी कोण आहे ते बघा, विकासाच्या (सीए विद्यार्थ्यांची संघटना) मॉक टेस्टला कोण शेवटपर्यंत बसतं ते बघा, आणि आधी एकच आठवडा करून बघू असं सांगूनच सुरू करा म्हणजे नाही जमलं तर तोंड लपवायची वेळ येत नाही. गावाकडे असाल तर गूगल मीटवर पण होतं, कॅमेरा मात्र वहीवर ठेवायचा.

सुरू झाल्यावर बिघडतं ते बहुतेक दोन कारणांनी. एकतर एकच जण सतत शिकवते आणि दुसरी फक्त डाऊट विचारते. मग धडे वाटून घ्या, जिला कन्सॉलिडेशन (ग्रुप कंपन्यांचे हिशोब एकत्र करणं) जमत नाही तिनेच ते समजावून सांगायचं. नाहीतर पार्टनर हळूहळू गायबच होते. दोनदा न सांगता आली नाही की सरळ फोन करून विचारा, मनात ठेवून कुढत बसू नका, तिची ऑफिसची क्लोजिंग (हिशोब बंद करायची घाई) पण चालू असू शकते.

आणि परीक्षेच्या आठवड्यात पेपर सुटल्यावर गेटबाहेर उत्तरं अजिबात जुळवू नका. प्रत्येक पेपरला 40 आणि ग्रुपला 300 पैकी 150 लागतात, 40 पडले असतील तर एका पेपरमध्ये राहिलेलं पुढच्या दोन पेपरमध्ये भरून काढता येतं, पण ते डोकं ठिकाणावर असेल तरच. आमचं ठरलेलं होतं, तिसरा पेपर होईपर्यंत सकाळी फक्त "पोचलीस का?" एवढाच मेसेज करायचा.