योनीमुख अरुंद झालं असेल तर काय करावं

संबंधाच्या वेळी आत जातच नाही, किंवा गेलं तरी तोंडाशीच जळजळ होते, चिरा पडतात. तपासताना डॉक्टरांचं एक बोटही सहन होत नाही. टॅम्पॉन किंवा पाळीचा कप बसत नाही. अशा वेळी बऱ्याच जणी स्वतःच निदान करून मोकळ्या होतात: ‘माझी जागाच लहान आहे.’ जन्मतःच जागा लहान असणं तसं विरळा. बहुतेकींच्या बाबतीत चारपैकी एक गोष्ट घडलेली असते, कधी एकापेक्षा जास्तही. त्वचा आजाराने आक्रसलेली असते, जुन्या जखमेचा व्रण ओढून धरत असतो, इस्ट्रोजेन हे स्त्रीहार्मोन कमी झाल्याने अस्तर पातळ आणि ताठर झालेलं असतं, किंवा वाट पुरेशी असूनही भोवतालचे स्नायू घट्ट मिटत असतात. चारही वेळा त्रास एकसारखाच जाणवतो, उपचार मात्र वेगळे. म्हणून डायलेटरचा (योनीमुख हळूहळू रुंदावण्यासाठी आत ठेवायच्या, वाढत्या मापाच्या गुळगुळीत कांड्यांचा) संच मागवण्याआधी कारण शोधा. त्वचेचा आजार धुमसत असताना डायलेटर लावला तर नव्या चिरा पडतात आणि त्या भरताना जागा आणखी आवळते.

आधी आरसा घ्या

पाठीला उशी लावून बसा, गुडघे बाजूला करा, भरपूर उजेडात हातातल्या आरशात पाहा. आजवर कधीच पाहिलं नसेल तर पहिल्यांदा नुसतं पाहून घ्या. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात आणि बाहेरच्या ओठांचा रंग बाकी त्वचेपेक्षा गडद असतो, यात घाबरण्यासारखं काही नाही.

त्वचा पांढुरकी, सुरकुतलेली दिसते का? आतले ओठ पूर्वीपेक्षा लहान झालेत, बाजूला चिकटून नाहीसे झालेत, क्लिटोरिसवरची त्वचा जुळून ती झाकली गेली आहे, आणि रात्री खाज सुटते? मग लायकेन स्क्लेरोसस या आजाराची शंका घ्यावी लागते. हा संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेने होत नाही. पाळी येण्याआधीच्या मुलींत आणि पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त दिसतो. खाजेवर बुरशीची मलमं लावण्यात वर्षं जातात आणि तोवर योनीमुख आकसत राहतं. या विषयातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे, कारण वेळेवर ओळखलं तर हे आकसणं बऱ्याच अंशी रोखता येतं.

अस्तर फिकट, कोरडं, हात लागताच लाल होणारं असेल आणि पाळी जाऊन काही काळ झाला असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर इस्ट्रोजेनची कमतरता संभवते. बाळंतपणात टाके पडले असतील आणि योनीमुखाच्या खालच्या काठावर ताणलेली कडक रेघ लागत असेल, तर तो व्रण. ‘सैल पडायला नको’ म्हणून एक टाका जास्त घालण्याची पद्धत काही ठिकाणी होती. त्याने कुणाचंही भलं झालेलं नाही, बाईला मात्र वर्षानुवर्षं दुखतं. आणि आरशात सगळं नेहमीसारखं दिसतं, पण स्पर्शाच्या नुसत्या कल्पनेने मांड्या आवळतात, श्वास अडतो? मग प्रश्न बहुधा स्नायूंचा आहे.

किशोरवयीन मुलीचं निराळं असतं. शरीराची बाकी वाढ झाली, पाळी आली नाही आणि दर महिन्याला पोटात दुखतं, तर योनीपटल (योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा) पूर्ण बंद असू शकतं. अशा वेळी रक्त आत साठत जातं, वाट पाहू नये. दुखत नाही, पण वयाच्या १५ वर्षांपर्यंत पाळीच नाही, तरीही तपासणी हवी. सुमारे ४,५०० ते ५,००० मुलींमागे एकीत गर्भाशय आणि योनीमार्गाचा वरचा भाग तयारच झालेला नसतो.

डॉक्टरांकडे काय सांगायचं

स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. त्वचेचा बदल स्पष्ट दिसत असेल तर त्वचारोगतज्ज्ञही चालतील. ‘तिथे दुखतं’ एवढ्यावर थांबू नका. कधीपासून, अगदी तोंडाशी की खोलवर, स्पर्श होताक्षणी की नंतर जळजळ, खाज आहे का, लघवीला त्रास होतो का, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झालेत का, हे कागदावर लिहून न्या. तपासणीआधी सांगून ठेवा की ‘थांबा’ म्हटल्यावर थांबायचं. आत पाहण्यासाठी वापरतात तो स्पेक्युलम (योनी उघडून धरणारा चिमटा) लहान मापाचा मागता येतो. आतली तपासणी पहिल्याच भेटीत झाली पाहिजे असंही नाही, बाहेरून पाहूनच बरंच कळतं.

पाळी कायमची गेल्यावर डागभरही रक्त दिसलं, न भरणारी जखम किंवा गाठ असली, लघवी अडू लागली, तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. लायकेन स्क्लेरोससमध्ये त्या जागी कर्करोग होण्याचा धोका थोडा असतो. म्हणूनच जाड झालेला किंवा उपचाराला न जुमानणारा चट्टा दिसला तर डॉक्टर तुकडा काढून तपासतात. आजार आटोक्यात असला तरी वर्षातून एकदा दाखवावं.

कारणानुसार उपचार

लायकेन स्क्लेरोससवर पहिला उपचार म्हणजे क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे तीव्र स्टेरॉइड मलम. नेहमीची पद्धत अशी: पहिला महिना रोज रात्री, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा, मग डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवायचं. बोटाच्या पेराच्या निम्म्या लांबीएवढं मलम एका वेळी पुरतं. ट्यूबसोबतच्या कागदावर ‘नाजूक भागावर लावू नये’ असं वाचून अनेक जणी ते बाजूला ठेवतात. या आजारात निदान झाल्यावर ते नेमकं तिथेच लावायचं असतं. निदानाशिवाय मात्र मनाने लावू नये. साबण, सुगंधी वाइप्स, आतून धुणं हे सगळं बंद करा, साधं पाणी पुरतं. मलमाने खाज थांबते, आकसणं थांबतं. आधीच जुळलेले ओठ मात्र त्याने सुटत नाहीत.

इस्ट्रोजेन कमी असेल तर योनीत वापरायचं क्रीम किंवा गोळी दिली जाते. बहुधा पहिले दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. पूर्ण फरक पडायला तीन महिने लागू शकतात, पंधरा दिवसांत कंटाळून सोडू नका. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांशी बोलायला हवं. हार्मोन नको असलेल्यांसाठी योनीचं मॉइश्चरायझर असतं, ते दर दोन-तीन दिवसांनी लावायचं. ल्युब्रिकंट, म्हणजे घर्षण कमी करणारा बुळबुळीत पदार्थ, वेगळं, ते फक्त त्या वेळेपुरतं. तेलकट ल्युब्रिकंटने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो हे ध्यानात ठेवा. लेसरने ‘पुनर्यौवन’ देणाऱ्या जाहिरातींपासून दूरच राहा. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्येच अशा वापराच्या धोक्यांविरुद्ध इशारा दिलेला आहे.

टाक्यांचा व्रण असेल आणि जखम पूर्ण भरली असेल, तर मालिश उपयोगी पडतं. स्वच्छ अंगठा तोंडापासून थोडाच आत ठेवून घड्याळातल्या ५ ते ७ च्या दिशेने खाली आणि बाजूला हलका दाब द्यायचा, ताण जाणवेल पण दुखणार नाही इतकाच. रोज पाचेक मिनिटं.

स्नायू आवळत असतील तर मनाने केगेल व्यायाम (योनीभोवतालचे स्नायू आवळण्याचे) सुरू करू नका. आधीच घट्ट असलेल्या स्नायूंना आणखी आवळायला शिकवून काय मिळणार? इथे सैल सोडणं शिकायचं असतं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट मिळाली तर उत्तम. मागे भीती किंवा जुना आघात असेल तर समुपदेशनही उपचाराचाच भाग आहे.

डायलेटर कसा वापरावा

डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. सर्वांत लहान मापापासून सुरू करा, तो सहज जातो म्हणून मधलं माप गाठण्याची घाई नको.

दार बंद, वेळ मोकळा, लघवी करून या. पाठीवर झोपून गुडघे दुमडा. पोट फुगेल असे पाच-सहा श्वास घ्या आणि दर वेळी श्वास सोडताना तळाचे स्नायू सैल पडू द्या. डायलेटरला आणि योनीमुखाला पाण्यात मिसळणारं ल्युब्रिकंट लावा. सिलिकॉनच्या डायलेटरला सिलिकॉनचं ल्युब्रिकंट नको, त्याचा पृष्ठभाग खराब होतो. टोक योनीमुखाशी टेकवून थांबा. लघवीला बसल्यासारखं सैल सोडा आणि डायलेटर सरळ वर नाही, माकडहाडाच्या दिशेने हळूहळू सरकवा. अडलं तर ढकलायचं नाही. थांबा, श्वास घ्या, पुन्हा पाहा. आत गेल्यावर ५ ते १० मिनिटं राहू द्या. व्रण किंवा किरणोपचाराचं कारण असेल तर हलकेच बाजूंना फिरवायला सांगतात.

आठवड्यातून तीन ते पाच वेळा पुरतं. एक माप सलग काही वेळा सहज गेलं की पुढचं घ्या. ताण जाणवणं ठीक, टोचणारी वेदना नाही. किंचित रक्त दिसू शकतं. जास्त आलं, ताप आला किंवा स्राव दुर्गंधी झाला तर बंद करून दाखवा. वापर झाल्यावर सौम्य साबणाने धुऊन कोरडा करून ठेवा.

ओटीपोटावर किरणोपचार झालेल्यांना बहुधा उपचार संपल्यावर २ ते ८ आठवड्यांनी डायलेटर सुरू करायला सांगतात. संबंध ठेवायचे नसले तरी पुढच्या तपासण्या शक्य व्हाव्यात म्हणून तो लागतो, हे अनेक जणींना कुणी सांगतच नाही.

या सगळ्या काळात दुखणारा संबंध पूर्ण थांबवा. जोडीदाराला कारण सांगा. जवळीक दुसऱ्या प्रकारे होऊ शकते. सोसत राहिलं तर शरीर पुढच्या वेळी आधीच आवळतं.

शस्त्रक्रिया

योनीपटल बंद असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने काम होतं. कडक व्रण काढून काठ रुंद करता येतो, कधी शेजारच्या त्वचेचा पट्टा वळवून तिथे जोडतात. लायकेन स्क्लेरोससमध्ये आजार मलमाने शांत झाल्यावरच शस्त्रक्रिया करतात आणि मलम नंतरही चालू राहतं. जखम भरताना जागा पुन्हा आवळू शकते, त्यामुळे डॉक्टर सांगतील तेव्हापासून डायलेटर लागतोच. काही आठवडे खंड पडला तर आधीच्या मापावर हट्ट धरू नका, एक माप खाली उतरून पुन्हा सुरू करा.