हेलिकॉप्टर दिसायच्या आत आवाजावरून ओळखायचं कसं

पुण्यात टिंगरेनगरला गच्चीत उभं राहिलं की हेलिकॉप्टर आधी ऐकू येतं आणि मग दिसतं, आणि थोडा सराव केला तर कुठलं येतंय ते आधीच सांगता येतं. गणित सोपंय, मेन रोटरची (म्हणजे डोक्यावरच्या मोठ्या पंख्याची) पाती गुणिले मिनिटाचे फेरे भागिले 60, म्हणजे सेकंदाला किती ठोके ते. चेतकला 3 पाती, साधारण 353 फेरे, 17.6 ठोके. एमआय-17 ला 5 पाती, 192 फेरे, 16 ठोके. ध्रुवला 4 पाती, 314 फेरे, जवळपास 21.

पण नुसत्या या आकड्यावर जाऊ नका. मागच्या थंडीत सकाळी एक रेकॉर्डिंग केलं, 21 आलं, मी घरात सगळ्यांना छातीठोकपणे ध्रुव सांगितलं आणि डोक्यावरून गेलं ते तीन पात्यांचं चेतक! फार हळहळ वाटली. झालं काय, की ते सरळ आपल्याकडे ताशी 190 किलोमीटरच्या वेगाने येत असलं तर डॉप्लरमुळे (जवळ येणाऱ्या गोष्टीचा आवाज चढतो तो परिणाम) ठोके एकमेकांच्या जवळ येतात आणि 17.6 चे 21 होतात.

म्हणून शेपटीचा पंखा बघायचाच. त्याचा सूर वरचा असतो, चेतकचा सेकंदाला 100 ठोक्यांच्या (म्हणजे 100 हर्ट्झच्या) आसपास, एमआय-17 चा 56 च्या आसपास. डॉप्लर दोन्ही आवाजांना सारख्याच पटीत वाढवतो, त्यामुळे शेपटीला मेनने भागलं की तो आपोआप उडून जातो. चेतकला 5.7 येतं, एमआय-17 ला 3.5. माझ्या त्या रेकॉर्डिंगमध्ये शेपटीचा सूर 119 ला होता, 119 भागिले 21, आलं ना 5.7, तेव्हाच भागलं असतं तर कळलं असतं.

रेकॉर्डिंग घरूनच करा, डिफेन्सच्या कुंपणाजवळ अजिबात नको. फाइल वेव्ह ठेवा, नॉइज रिडक्शन बंद, मग ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजातले सूर रेषांसारखे दाखवणारं चित्र) लावून विंडो साइझ 16384 करा आणि 300 हर्ट्झच्या वरचं काढून टाका. फोनच्या माइकला 16-17 हर्ट्झ धड पकडता येत नाही, तर त्याच्या पटीतल्या रेषा शिडीच्या पायऱ्यांसारख्या सारख्या अंतरावर दिसतात, ते अंतर म्हणजे मेन रोटर. दोन पायऱ्यांच्या मध्येच जी ठळक रेष येते ती बहुतेक शेपटी.

आणि फटाक-फटाक असा चाबकासारखा आवाज आला तर समजायचं बहुतेक खाली उतरतंय, कारण उतरताना पातं पुढच्या पात्याने सोडलेल्या भोवऱ्यावर आदळतं. त्या वेळचे ठोके सगळ्यात स्पष्ट ऐकू येतात, पण सेकंदाला 16-21 ठोके नुसत्या कानाने मोजता येत नाहीत, ते रेकॉर्डिंगमध्येच मोजा.